पहिला अंतराळवीर युरी गागारिन

१२ एप्रिल १९६१ रोजी सोव्हिएत संघराज्यातील एका सत्तावीस वर्षांच्या वैमानिकाने पृथ्वीभोवती एक प्रदक्षिणा पूर्ण केली व तो सुखरूप जमिनीवर उतरला. त्यापूर्वी कोणीही मानव अंतराळात गेला नव्हता. या प्रवासास अवघी १०८ मिनिटे लागली. त्या मिनिटांची कीर्ती सर्व जगात पसरली. त्यांच्या आधीच्या तेरा महिन्यांची हकीकत मात्र थोड्यांनाच ठाऊक आहे.

युरी अलेक्सेयेविच गागारिन याचा जन्म ९ मार्च १९३४ रोजी मॉस्कोच्या पश्चिमेस असलेल्या क्लुशिनो या खेड्यात झाला. वडील सुतारकाम करीत. आई सामुदायिक शेतीवरील गोठ्यात राबत असे. चार भावंडांत युरी तिसरा. तो शाळेत जाऊ लागतो न लागतो तोच, १९४१ साली, जर्मन फौजा गावात शिरल्या. सैनिकांनी त्यांचे घर बळकावले. तेव्हा आईवडिलांनी जमिनीत खड्डा खोदून त्यावर छप्पर घातले आणि त्या खोपीत सर्व कुटुंबाने पावणेदोन वर्षे काढली. थोरल्या भावाला व बहिणीला जर्मनांनी वेठीस धरून नेले. ती दोघे पुढे सुखरूप परतली हे कुटुंबाचे भाग्यच म्हणावयाचे.

घरची ओढग्रस्त पाहून युरीने लवकरच कारागिरीची वाट धरली. मॉस्कोजवळच्या ल्युबेर्त्सी येथील कारखान्यात तो ओतकाम शिकू लागला. जालन्याच्या पोलाद कारखान्यांतील भट्ट्या ज्या मुलांनी पाहिल्या असतील, त्यांना या कामातील धग ठाऊकच असेल. दिवसा साचे बनवावयाचे व सायंकाळी कामगारांच्या शाळेत बसावयाचे, असा त्याचा क्रम होता. पुढे व्होल्गा नदीकाठच्या सारातोव्ह शहरी तंत्रशाळेत शिकत असताना तो तेथील विमानमंडळात दाखल झाला आणि १९५५ साली एकट्याने विमान चालवू लागला.

त्याच वर्षी ओरेनबुर्ग येथील सैनिकी वैमानिक शाळेत त्याला प्रवेश मिळाला. पण तेथे एक अनपेक्षित अडचण उभी राहिली. विमान जमिनीवर उतरविताना त्याचा अंदाज वारंवार चुके. शाळेतून नाव कमी होण्याची वेळ आली. युरीची उंची जेमतेम १५७ सेंटिमीटर. आसनावर बसल्यावर त्याला समोरची जमीन नीट दिसतच नव्हती! त्याला आणखी एक संधी देण्यात आली. शिक्षकाने बसावयास एक उशी दिली आणि विमान अलगद उतरले. इतके मोठे संकट एका उशीने दूर झालेले पाहून हसू येते खरे; परंतु ती उशी सुचणारा शिक्षक भेटला नसता, तर कदाचित या पाठात आपण दुसऱ्याच कोणाचे नाव वाचले असते.

पुढे त्याचा ठेंगणेपणा उपयोगीच पडला. अंतराळयानातील जागा फार अपुरी होती, म्हणून अंगाने लहान व निरोगी वैमानिक हवे होते. शेकडो वैमानिकांतून वीस जण निवडले गेले. मार्च १९६० मध्ये त्यांचे शिक्षण सुरू झाले.

हे शिक्षण विलक्षण कठोर होते. एका पोलादी बाहूच्या टोकाशी उमेदवाराला बसवून तो बाहू गरगर फिरवीत. वेग वाढला की शरीराचे वजन कित्येक पटींनी वाढल्यासारखे वाटे. तुमचे वजन ४० किलो असेल, तर आठपट भाराखाली ते ३२० किलो झाल्यासारखे वाटेल. मोंढ्यातील तीन क्विंटलांहून अधिक धान्य अंगावर रचावे तसेच ते होय. अशा वेळी श्वास कसा घ्यावा, शुद्ध कशी टिकवावी, हे शिकावे लागे. याच्या उलट अनुभव विमानात देत. वर फेकलेला चेंडू ज्या वक्र मार्गाने जातो त्या मार्गाने विमान नेले, की आतील मनुष्य तीसचाळीस सेकंद वजनरहित होतो. तेवढ्या क्षणांत खाऊन, पिऊन, बोलून पाहावयाचे. भर मे महिन्यातील आपल्या उन्हाळ्यालाही लाजवील अशा सुमारे ७० अंशांच्या उष्ण खोलीत बसावयाचे, ही आणखी एक कसोटी होती.

मात्र अनेकांना सर्वांत अवघड वाटली ती शांततेची खोली. तीत बाहेरचा आवाज येत नसे. दिवस की रात्र हेही कळत नसे. दहापंधरा दिवस एकट्याने राहून ठरलेली कामे करावयाची. मन थाऱ्यावर राहते की नाही, हे वैद्य बाहेरून पाहत. २३ मार्च १९६१ रोजी अशाच एका कोठडीत व्हॅलेंटिन बोंदारेंको या सर्वांत धाकट्या उमेदवाराच्या हातून स्पिरिटचा बोळा तापलेल्या शेगडीवर पडला. कोठडीतील हवेत प्राणवायू अधिक असल्याने क्षणात आग भडकली आणि तो तरुण त्याच दिवशी मरण पावला. सरकारने ही वार्ता १९८६ सालापर्यंत दडवून ठेवली. त्या तरुणावर हा अन्यायच झाला असे मला वाटते. चंद्रावरील एका विवराला आज त्याचे नाव आहे.

हवाई छत्रीने उडी मारण्याचे शिक्षण सारातोव्हच्याच परिसरात झाले. दिवसा आणि रात्री, जमिनीवर आणि पाण्यात, प्रत्येकाने अनेक उड्या घेतल्या. याचे कारण असे, की यानाचा गोळा माणसासह अलगद उतरविण्याची सोय नव्हती. सात किलोमीटर उंचीवर अंतराळवीराला आसनासह बाहेर फेकले जावयाचे होते.

बरोबरीच्या उमेदवारांना विचारले असता, आपल्याखेरीज पहिला मान कोणास द्यावा, तर बहुतेकांनी गागारिन यांचे नाव सांगितले. प्रथम यान पाहावयास गेले असता त्यांनी आत शिरण्यापूर्वी पायांतील बूट काढून ठेवले, असे सांगतात.

उड्डाणाच्या दिवशी राखीव अंतराळवीर गेर्मान तितोव्हही पूर्ण पोशाख चढवून त्यांच्याबरोबर निघाले होते. गागारिन यानात बसल्यावर दार नीट बंद झाल्याची खूण दिसेना. तंत्रज्ञांनी तीसही बोल्ट काढून पुन्हा आवळले. इतके होऊनही गागारिन यांची नाडी शांत चालली होती. अंतराळात माणसाचे भान सुटेल या भीतीने यानाची सूत्रे बंद ठेवली होती. ती खुली करणारा अंक पाकिटात होता. मुख्य रचनाकार सर्गेई कोरोल्योव्ह व त्यांच्या सहकाऱ्यांना ही दक्षता पटली नसावी, कारण तो अंक त्यांनी आधीच गागारिन यांच्या कानी घातला होता!

सकाळी ९ वाजून ७ मिनिटांनी अग्निबाण झेपावला. यान सुमारे ३२७ किलोमीटर उंचीपर्यंत गेले. परतताना मात्र खरा प्रसंग आला. यंत्रांचा भाग गोळ्यापासून नीट सुटेना. काही तारा जोडलेल्याच राहिल्या आणि यान भोवऱ्यासारखे फिरू लागले. सुमारे दहा मिनिटे हे चालले होते. गागारिन यांनी आरडाओरड केली नाही. सर्व ठीक असल्याचा संदेशच पाठविला. अखेर उष्णतेने तारा जळाल्या व गोळा सुटला. आसनासह बाहेर पडून छत्रीने उतरताना त्यांना खाली व्होल्गा दिसली. उड्या मारण्यास ते जेथे शिकले होते, तोच हा मुलूख! शेतात काम करणारी एक म्हातारी आणि तिची लहान नात नारिंगी पोशाखातील हा मनुष्य पाहून प्रथम घाबरून गेल्या.

पुढे गागारिन यांनी अनेक देशांस भेटी दिल्या. १९६१ च्या अखेरीस ते भारतात व मुंबईतही आले. नंतर त्यांनी नव्या अंतराळवीरांच्या शिक्षणाचे काम पत्करले. परंतु विमानाची ओढ सुटली नव्हती. २७ मार्च १९६८ रोजी एका सरावाच्या उड्डाणात विमान कोसळून ते व त्यांचे सहकारी सेर्योगिन मृत्यू पावले. तेव्हा गागारिन अवघे चौतीस वर्षांचे होते.

मॉस्कोजवळच्या त्या शिक्षणकेंद्राला त्यांचेच नाव देण्यात आले. भारताचे राकेश शर्मा १९८४ साली अंतराळात गेले, ते तेथेच शिकून. फेब्रुवारी २०२० पासून मार्च २०२१ पर्यंत भारतीय वायुसेनेचे चार वैमानिक याच केंद्रात शिकले. त्यांपैकी शुभांशू शुक्ला २५ जून २०२५ रोजी अंतराळाकडे निघाले.