विश्लेषण : जुन्या ईडीएम यंत्राचे सर्किट बदलताना लाझारेन्को का आठवावेत?

भंडाऱ्याची ओळख पितळेच्या भांड्यांची. हेच पितळ पाव मिलिमीटरची तार होऊन कडक पोलाद कापते, हे सांगून पटणार नाही. वायर-कट यंत्रात मात्र रोज तेच घडते. तार पोलादाला टेकतही नाही, कापते ती ठिणगी. या ‘ईडीएम’ म्हणजे इलेक्ट्रिकल डिस्चार्ज मशीनचे जनक बोरिस लाझारेन्को (१९१०-१९७९) आणि त्यांच्या पत्नी नताल्या. जुने ईडीएम भंगारात काढायचे की सर्किट बदलून चालवायचे, या पेचात असलेल्या वर्कशॉपवाल्याला त्यांची गोष्ट उपयोगी पडेल.

शोध कसा लागला?

दुसरे महायुद्ध सुरू होते. ठिणग्यांमुळे विजेचे टंगस्टन कॉन्टॅक्ट झिजतात, ती झीज थांबवा, असे काम सोव्हिएत रशियात या दाम्पत्याकडे आले. जुनी स्कूटर चालवलेल्यांना ‘सीबी पॉइंट’ आठवत असेल, दुखणे तेच. दोघांनी कॉन्टॅक्ट तेलात बुडवून पाहिले. झीज थांबली नाहीच, पण ठिणग्या एकसारख्या पडू लागल्या आणि झिजेचा अंदाज बांधता येऊ लागला. सोपवलेले काम एका अर्थी फसले होते. मग ही झीजच कामाला का लावू नये, असा उलटा विचार त्यांनी केला. १९४३ मध्ये या पद्धतीची नोंद झाली, १९४६ मध्ये स्टालिन पुरस्कार मिळाला.

त्यांचे सर्किट काय होते?

अगदी साधे. रेझिस्टन्समधून कपॅसिटर भरतो. पुरेसे व्होल्टेज चढले की हत्यार आणि जॉब यांच्यातल्या फटीत ठिणगी पडते, धातूचा कण वितळून उडतो, तेल तो वाहून नेते. कपॅसिटर पुन्हा भरू लागतो. हे सेकंदाला हजारो वेळा. फट कायम राखण्यासाठी सर्व्हो.

पण यात ठिणगी कधी पडेल हे फटच ठरवते, कारागीर नाही. रेझिस्टन्समध्ये वीज उष्णता होऊन वाया जाते, काम सावकाश होते, हत्यारही बरेच झिजते.

आधुनिकीकरणात काय बदलते?

बीडाचा सांगाडा आणि स्लाइड नीट असतील तर ते तसेच ठेवता येतात. जीर्ण होतो तो पॅनेल. त्यात मॉसफेट किंवा आयजीबीटीचे स्विच बसवतात. ठिणगी किती मायक्रोसेकंद चालू आणि किती बंद, हे मायक्रोकंट्रोलर ठरवतो. त्याचा भाग ऑप्टोकपलरने पॉवरपासून वेगळा ठेवावाच लागतो, नाहीतर ठिणग्यांच्या गोंगाटात तो गोंधळतो. फटीतले व्होल्टेज कोसळले की पल्स तोडून हत्यार वर घ्यायचे, ही सोयही हवी. काटकसर इथे करू नये: आर्क टिकला तर महागडी डाय डागाळते आणि टाकीत तेल असते.

पुढे लाझारेन्को कुठे गेले?

मोल्दोव्हातील किशिनेव्हला. तेथे त्यांनी उपयोजित भौतिकशास्त्राची संस्था उभारली. धातूंवरील विद्युत प्रक्रियांना वाहिलेले नियतकालिक १९६५ मध्ये सुरू केले. ते आजही निघते. नताल्या बहुतेक लेखांत दुसऱ्या नावापुरत्या उरतात, हे खटकते.

त्यांचे कपॅसिटरचे सर्किटही मोडीत निघालेले नाही. अतिसूक्ष्म छिद्रे आणि आरशासारखे फिनिशिंग यांसाठी लागणारी अगदी छोटी ठिणगी त्यातून सहज मिळते. नवा पॅनेल करताना कपॅसिटर बँकेची जागा म्हणूनच राखून ठेवावी.