पंडिता रमाबाईंचे लग्न

पंडिता रमाबाईंचे नाव ठाऊक नाही असे घर आपल्या मंडळ्यांत विरळा. केडगावचे मुक्तिसदन, दुष्काळातील अनाथ मुली, मूळ इब्री व ग्रीक भाषांवरून बाईंनी केलेले पवित्र शास्त्राचे भाषांतर, ह्यांविषयी आपले उपदेशक पुष्कळ सांगतात. परंतु बाईंचे लग्न कसे झाले हे फारसे कोणी सांगत नाही. आम्हांस ते सांगावेसे वाटते. कारण नागपुरात काय किंवा भोवतालच्या खेड्यांत काय, आपल्यांत सोयरीक निघाली की मुलगा कसा आहे हे पाहण्यापूर्वी त्याचे घराणे पूर्वी कोणत्या जातीचे हे हळूच विचारिले जाते, आणि पाठोपाठ सावकाराची आठवण होते.

रमाबाईंचा जन्म १८५८ साली झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण. थोरल्या मुलीचे लग्न बाळपणी करून दिले व ते सुखाचे झाले नाही, म्हणून धाकटीचे लग्न त्यांनी केले नाही. तिला आईने संस्कृत शिकविले. पुढे १८७४ पासूनच्या हलाखीत व दुष्काळात काही वर्षांच्या आत वडील, आई व बहीण ही मरण पावली. रमाबाई व बंधू श्रीनिवास देशभर पायी फिरत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी त्यांस पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या. मग बंगाल व आसामकडे फिरत असता १८८० च्या मे महिन्यात डाक्का येथे श्रीनिवासही वारले.

बावीस वर्षांची अविवाहित ब्राह्मणकन्या, परक्या मुलखात, मागे कोणी नाही. अशा समयी बिपिन बिहारी दास मेधावी ह्यांची मागणी त्यांनी स्वीकारिली. हे गृहस्थ बंगाली, कलकत्ता युनिव्हर्सिटीचे एम.ए., बी.एल., धंद्याने वकील. पण ब्राह्मणांच्या हिशेबी जात शूद्राची. बाईंनी विद्या व स्वभाव पाहिला, जात पाहिली नाही. ज्या शास्त्रांत त्यांची बुद्धी वाढली त्यांच्या मते हा प्रतिलोम विवाह, अत्यंत निंद्य. हे त्यांच्याइतके कोणास ठाऊक असणार!

त्याच साली बांकीपूर येथे १८७२ च्या तिसऱ्या ॲक्टाप्रमाणे लग्न लागले. ह्या कायद्याची रीत अगदी साधी होती. रजिस्ट्रारास चौदा दिवस आधी नोटीस द्यावयाची; मग त्याच्या व तीन साक्षीदारांच्या समक्ष वधूवरांनी एकमेकांचा स्वीकार करावयाचा. एकवीस वर्षे पुरी झालेल्यांस बापाच्या संमतीची गरज नसे. मंगलाष्टके, वरात, जेवणावळी, हुंडा ह्यांपैकी कशाचीही कायद्यास जरुरी नव्हती.

एक गोष्ट मात्र लपवू नये. आपण हिंदू नाही, ख्रिस्तीही नाही, असे ह्या कायद्याखाली दोघांस लिहून द्यावे लागे. त्या काळी दोघांचाही कोणत्याच धर्मावर विश्वास नव्हता, म्हणून ते लिहिणे खरेच होते. ह्या विवाहात प्रार्थना नव्हती हे आम्हांस उणे वाटते. तरी मनात नसलेले मंत्र लोकलाजेस्तव म्हणविण्यापेक्षा हे बरे, असे आमचे मत आहे.

जातीने जोडप्यास दूर सारिले. दोघे आसामातील सिल्चर येथे राहिली. १८८१ च्या एप्रिलात मनोरमा जन्मली. पतीच्याच पुस्तकांत बाईंस बंगालीतील लूककृत शुभवर्तमान सापडले. ॲलन नावाचे बाप्टिस्ट मिशनरी येऊन उत्पत्तीचे पुस्तक समजावून देऊ लागले. बिपिनबाबू मिशनशाळेत शिकलेले होते. परंतु पत्नीने उघडपणे ख्रिस्ती व्हावे हे त्यांस रुचेना. जातीची भिंत एकत्र ओलांडलेली ही दोघे येथे मात्र थबकली. आपल्यांतील किती घरांत असे झाले आहे!

हा प्रश्न घरात सुटण्यापूर्वीच ४ फेब्रुवारी १८८२ रोजी पटकीने बिपिनबाबूंचा अंत झाला. संसार एकोणीस महिन्यांचा झाला. मनोरमा तेव्हा वर्षाचीही नव्हती. तिला घेऊन बाई त्याच वर्षी पुण्यास आल्या, आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडातील वाँटेज येथे मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्यप्रांतात आल्या. नागपूर तेव्हा त्या प्रांताची राजधानी होते. तेथून त्यांनी शेकडो निराधार मुली व बालविधवा आपल्याबरोबर नेल्या, आणि त्यांची जात विचारिली नाही.