सुरतेच्या डॉक्टरीणबाई : रखमाबाई राऊत

आमचं घर कडोदऱ्यात आहे. सुरतेपासून जवळच, मुंबई-अहमदाबाद हायवेला लागून. गाव म्हणायचं, पण जिकडे बघाल तिकडे मिलच मिल. नंदुरबारकडून ताप्ती लाईनच्या गाडीत बसायचं, सुरतेच्या आसपास उतरायचं आणि मिळेल त्या कामाला लागायचं, असं करत खानदेशातली कितीतरी कुटुंबं इथे आली. त्यातलंच आमचं एक. पप्पा डाईंग मिलमध्ये आहेत, आई घरी बसून साड्यांना खडे चिकटवते.

यंदा उत्तरायणाला घरी गेले तेव्हा धाकट्या बहिणीसाठी स्थळ आलं होतं. ती बारावीत आहे. जूनमध्ये तिला अठरा पूर्ण होतील आणि मग लगेच उरकून टाकू, असं मोठ्यांचं चाललं होतं. बहीण नाही म्हणाली. तिला नर्सिंग करायचंय. तिच्यावर कोणी ओरडलं नाही, मारलं नाही. फक्त काकांनी विचारलं की लग्न नको तर मग पुढे काय, आणि फी कोण भरणार? यावर तिला काही बोलता येईना. खरं सांगायचं तर मलाही येईना.

त्याच सुट्टीत महिला दिनाच्या ई-अंकासाठी एक चरित्र लिहायचं म्हणून मी डॉ. रखमाबाईंविषयी वाचत होते. खटला लढवणारी बाई, एवढंच मला आधी माहीत होतं. वाचता वाचता कळलं की या बाईंनी डॉक्टर म्हणून दोन दशकांहून जास्त काळ काढला तो आमच्या सुरतेत. आमच्या गल्लीत विचारलं, तर एकालाही हे नाव ठाऊक नव्हतं. म्हणून त्यांच्यावरच लिहायचं ठरवलं.

रखमाबाईंचा जन्म 22 नोव्हेंबर 1864 चा, मुंबईचा. आईचं नाव जयंतीबाई, वडिलांचं जनार्दन पांडुरंग. रखमा अगदी लहान असतानाच वडील गेले. जयंतीबाई तेव्हा सतराच्या आसपास होत्या. त्यांच्या सुतार समाजात विधवेला पुन्हा लग्न करता येत असे. काही वर्षांनी त्यांनी डॉ. सखाराम अर्जुन राऊत यांच्याशी लग्न केलं आणि पहिल्या नवऱ्याची मालमत्ता मुलीच्या नावावर केली. सखाराम अर्जुन हे नावाजलेले डॉक्टर आणि वनस्पतींचे अभ्यासक. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी 1883 मध्ये ज्यांनी सुरू केली, त्यांच्यात ते होते.

एवढ्या सुधारक घरातही रखमाचं लग्न अकराव्या वर्षी झालंच. नवरा दादाजी भिकाजी, वय एकोणीसच्या आसपास. ठरलं असं होतं की दादाजीने सासऱ्याच्या आश्रयाने शिकायचं आणि चांगला माणूस व्हायचं. शिक्षण त्याच्याच्याने झालं नाही. तो मामाच्या घरी राहायला गेला. इकडे रखमा वयात आली, पण इतक्या कोवळ्या वयात मुलीला नवऱ्याकडे पाठवायला सखाराम अर्जुन तयार नव्हते. ती माहेरीच राहिली. शाळा सुटली होती, पण वाचन सुटलं नाही. फ्री चर्च मिशनच्या वाचनालयातून पुस्तकं आणून ती घरीच शिकत राहिली. आपल्या कॉलेजच्या लायब्ररीत बसून हे वाचताना मला फार बरं वाटलं.

1884 मध्ये दादाजीने मुंबई हायकोर्टात दावा लावला. बायको माझी आहे, तिला माझ्या घरी पाठवा. रखमाबाईंचं म्हणणं सरळ होतं. अजाण वयात माझ्या संमतीशिवाय झालेलं लग्न मी मानत नाही आणि या माणसाबरोबर मी राहणार नाही. पुढच्याच वर्षी सावत्र वडील वारले. म्हणजे घरातला सगळ्यात मोठा आधार गेला आणि खटला तर नुकता कुठे सुरू झालेला. त्याच 1885 मध्ये त्यांनी ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘एक हिंदू स्त्री’ या सहीने बालविवाह आणि सक्तीच्या वैधव्यावर पत्रं लिहिली. लग्नामुळे मुलींचं शिक्षण कसं संपतं, हे त्यांनी स्वतःच्या अनुभवावरून मांडलं.

21 सप्टेंबर 1885 रोजी न्यायमूर्ती पिन्ही यांनी निकाल रखमाबाईंच्या बाजूने दिला. लहानपणी लग्न लावून दिलेल्या आणि कधी नवऱ्याबरोबर न राहिलेल्या बाईला जबरदस्तीने पाठवता येणार नाही, असा त्याचा आशय. देशभर गदारोळ झाला. धर्मात सरकारी ढवळाढवळ नको म्हणणारे एका बाजूला, सुधारक दुसऱ्या बाजूला. आपण ज्यांना लोकमान्य म्हणतो, त्या टिळकांनी विरोधात लेखणी चालवली. बाजूने उभे राहिले त्यांत बहेरामजी मलबारी होते, ज्यांचं लहानपण सुरतेत गेलं होतं. पंडिता रमाबाईंनी तर अमेरिकेत छापलेल्या ‘दि हाय कास्ट हिंदू वुमन’ या पुस्तकात या खटल्याची हकिगत सांगितली.

अपिलात तो निकाल टिकला नाही. खटला पुन्हा चालला आणि 4 मार्च 1887 रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाईंनी तुरुंगाची तयारी दाखवली. ही तारीख वाचून मी थांबले. त्याच्या सहाच दिवस आधी, 26 फेब्रुवारीला, अमेरिकेतून डॉक्टर होऊन आलेल्या आनंदीबाई जोशी पुण्यात वारल्या होत्या. वय पुरतं बावीससुद्धा नव्हतं. एक डॉक्टर झाली, पण दवाखान्यात बसायचं राहून गेलं. दुसरीला तेव्हा माहीतही नसेल की ते काम आपल्याकडे येणार आहे.

तुरुंगात जायची वेळ आली नाही. जुलै 1888 मध्ये तडजोड झाली. दादाजीने दोन हजार रुपये घेतले आणि हक्क सोडला. नीट बघितलं तर कायद्याने रखमाबाईंना शेवटपर्यंत काहीच दिलं नाही. त्यांची सुटका पैसे मोजून झाली. मात्र या खटल्याने पेटलेली चर्चा पुढे संमतिवयाच्या कायद्यापर्यंत गेली आणि 1891 मध्ये ते वय दहाचं बारा झालं.

आता आमच्या काकांचा प्रश्न. नाही म्हटलं, मग पुढे काय? रखमाबाईंसमोरही हाच प्रश्न होता. वय चोवीस, नावाची देशभर चर्चा, समाजात परतायची वाट बंद. त्या वेळी मुंबईच्या कामा हॉस्पिटलमध्ये डॉ. एडिथ पीची होत्या. एडिनबरोच्या विद्यापीठात बायकांना डॉक्टरकी शिकू द्या म्हणून ज्या सात जणी झगडल्या, त्यांतल्या त्या एक. अडवणूक म्हणजे काय ते त्यांना पक्कं माहीत होतं. त्यांनी रखमाबाईंना डॉक्टर व्हायला प्रोत्साहन दिलं, पैसे उभे करायला मदत केली. इंग्लंडमधल्या लोकांनीही हात दिला. 1889 मध्ये रखमाबाई बोटीने निघाल्या आणि लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेनमध्ये दाखल झाल्या. 1894 मध्ये शिक्षण पुरं केलं. आपल्या देशात प्रत्यक्ष डॉक्टरी करणाऱ्या पहिल्या काही बायकांमध्ये त्यांचं नाव आहे.

आणि मग 1895 मध्ये सुरत. बायकांच्या दवाखान्याची सगळी जबाबदारी त्यांच्यावर आली. पुरुष डॉक्टरला दाखवायचं नाही म्हणून दुखणं अंगावर काढणाऱ्या, घरातच अंधाऱ्या खोलीत बाळंत होणाऱ्या बायका तेव्हा घरोघर होत्या. त्यांच्यासाठी बाई डॉक्टर असणं म्हणजे जीव वाचण्याचीच गोष्ट होती. याच शहरात 1907 मध्ये बाजीगौरी मुन्शी आणि शिवगौरी गज्जर या दोन विधवांनी बायकांच्या शिक्षणासाठी वनिता विश्राम काढलं. म्हणजे त्या वर्षांत सुरतेत रखमाबाई एकट्या नव्हत्या. सुरतेनंतर त्या राजकोटच्या जनाना हॉस्पिटलात गेल्या आणि निवृत्त होईपर्यंत तिथे राहिल्या. 1929 मध्ये, पासष्टीला टेकलेल्या असताना, त्यांनी पडदा पद्धत बंद व्हावी म्हणून पुन्हा लेखणी हातात घेतली. लग्न त्यांनी परत केलं नाही. 25 सप्टेंबर 1955 रोजी मुंबईत त्या गेल्या, तेव्हा नव्वद पूर्ण होते.

ज्या हुकुमासाठी त्यांना तुरुंग दाखवला गेला, त्यातली कैदेची शिक्षा 1923 मध्ये कायद्यातून गेली. पण एकत्र राहायला लावण्याचा तो दावा 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात कलम 9 म्हणून आहेच.

मला यातून एकच गोष्ट समजली. रखमाबाई नाही म्हणाल्या, हे त्यांचं मोठेपण. पण नुसतं नाही म्हणून त्या डॉक्टर झाल्या नाहीत. मुलीच्या नावे मालमत्ता करणारी आई, तिला घाईने न पाठवणारे वडील, पुस्तकं देणारं वाचनालय, फीची सोय बघणाऱ्या पीचीबाई, एवढं सगळं त्या नाहीच्या मागे उभं राहिलं. त्याची परतफेड सुरतेच्या बायकांना बावीस वर्षं मिळत राहिली. संधी संधी आपण म्हणतो ती हीच. मुलगी नाही म्हणाली, की तिला पुढे जायला एक दार तरी उघडं हवं.

परतायच्या आदल्या रात्री साड्यांना खडे लावता लावता आईला ही सगळी गोष्ट अहिराणीत सांगितली. तिला खटल्यापेक्षा जयंतीबाईंमध्ये जास्त रस वाटला. पोरीच्या नावावर सगळं करून टाकलं का, असं तिने दोनदा विचारलं. दुसऱ्या दिवशी तिने खड्यांच्या कामाचे साठवलेले पैसे मोजले.

स्थळ अजून पूर्ण मोडलेलं नाही. काका अजून नाराजच आहेत. पण बहिणीने नर्सिंगच्या प्रवेशाची माहिती काढून आणली आहे आणि पहिल्या वर्षाच्या फीचं आईने मनावर घेतलंय. बाकीचं मी आणि पप्पा बघू.