विश्लेषण : पवनचक्कीच्या पात्याचे आयुष्य आजही १९व्या शतकातील रेल्वे अभियंत्याच्या पद्धतीने का मोजतात?

पवनचक्कीची पाती प्रामुख्याने काचतंतू आणि रेझिनच्या कंपोझिटची असतात. सुमारे २० वर्षांच्या वापरात ती कोट्यवधी वेळा वाकतात. ती किती काळ टिकतील हे तपासण्याची पद्धत रेल्वेच्या आसांवर विकसित झाली. तिचे जनक ऑगस्ट व्होलर.

कोण होते व्होलर?
जन्म १८१९, जर्मनीतील झोल्टाऊ. हॅनोव्हरला शिक्षण, मग बर्लिनच्या बोर्झिग कारखान्यात काम. १८४७ पासून त्यांच्याकडे एका प्रशियन रेल्वेच्या इंजिन-डब्यांची जबाबदारी आली.

प्रश्न काय होता?
१८४२ मध्ये फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या गाडीच्या इंजिनाचा आस तुटला. ५० हून अधिक प्रवासी दगावले. पेलता येईल इतकाच भार असूनही आस अचानक का तुटतात, याचे समाधानकारक उत्तर नव्हते.

त्यांनी काय केले?
व्होलर यांनी आधी धावत्या गाडीत आस किती वाकतो हे मोजले. मग आस फिरवत सतत वाकवणारी यंत्रे बनवली. १८५० च्या दशकात सुरू झालेले हे प्रयोग १८७० पर्यंत चालले. निष्कर्ष असा : एकदाच आलेल्या मोठ्या भारापेक्षा पुन्हा पुन्हा येणारा लहान ताण घातक ठरू शकतो. ताण जितका खाली-वर होतो, तितके आयुष्य घटते. लोखंड-पोलादात मात्र एका मर्यादेखालचा ताण लाखो फेऱ्यांनंतरही तुकडा तोडत नाही. त्यांनी हे आकडे तक्त्यांत मांडले. पुढे त्यांचा आलेख झाला. तोच आजचा ‘एस-एन’ किंवा व्होलर आलेख.

कंपोझिटला हे लागू पडते का?
पद्धत लागू पडते, दिलासा तितकासा नाही. धातूत सहसा एक भेग वाढत जाते. कंपोझिटमध्ये आधी रेझिनला बारीक तडे जातात, तंतू रेझिनपासून सुटतात, थर विलग होतात आणि शेवटी तंतू तुटतात. यातील बरेचसे नुकसान वरून दिसत नाही. पोलादासारखी ठळक सुरक्षित मर्यादाही अनेक कंपोझिटमध्ये आढळत नाही. म्हणून प्रत्येक तंतू, रेझिन आणि थररचनेसाठी चाचण्या नव्याने कराव्या लागतात.

पुढे काय झाले?
व्होलर नंतर स्ट्रासबुर्गला रेल्वेच्या वरिष्ठ पदावर गेले. १९१४ मध्ये हॅनोव्हरला त्यांचे निधन झाले. काचतंतूंचे कंपोझिट त्यांनी पाहिले नाही. तरी त्याचा तुकडा आजही यंत्रात बसवून, ठरलेला ताण देऊन, तुटेपर्यंतच्या फेऱ्या मोजल्या जातात.