मूत्रपिंडविकारांचे आद्य संशोधक : डॉ. रिचर्ड ब्राइट

मूत्रपिंडाच्या विकारांची पहिली शास्त्रशुद्ध ओळख वैद्यकाला करून देणारे डॉ. रिचर्ड ब्राइट यांचा जन्म २८ सप्टेंबर १७८९ रोजी इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे झाला. एडिंबरो येथे वैद्यकाचे शिक्षण घेतल्यावर १८२० मध्ये ते लंडनच्या गाइज रुग्णालयात रुजू झाले. १८२३ मध्ये त्यांच्या पत्नी मार्था यांचे बाळंतपणानंतर निधन झाले.

अंगावर सूज आलेल्या रुग्णाची लघवी चमच्यात घेऊन ब्राइट ती मेणबत्तीवर तापवीत. ती साकळली, तर तीत प्रथिन उतरत असल्याचे कळे. अशा रुग्णांच्या शवविच्छेदनात मूत्रपिंडे विकृत आढळत. हा परस्परसंबंध त्यांनी १८२७ मध्ये प्रसिद्ध केला आणि तो विकार पुढे ‘ब्राइटचा रोग’ म्हणून ओळखला गेला. स्कार्लेट तापानंतर मुलांना येणारी सूजही मूत्रपिंडाच्या विकाराची असते, याकडे त्यांनी लक्ष वेधले. १८४२ मध्ये रुग्णालयाने केवळ अशा रुग्णांसाठी ४२ खाटा त्यांच्याकडे सोपविल्या.

पुढच्याच वर्षी तेथील डॉ. जॉन लीव्हर यांनी आकडी आलेल्या गर्भवतींची लघवी तपासली, तेव्हा तीतही प्रथिन आढळले. गर्भारपणात लघवी व रक्तदाब तपासण्याच्या आजच्या प्रघातामागे या निरीक्षणाचा मोठा वाटा आहे.

रोग ओळखता आला, तरी त्यावर खात्रीचा उपचार ब्राइट यांच्या हयातीत सापडला नाही. १६ डिसेंबर १८५८ रोजी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. मात्र वेळीच निदान झाल्याने वाचणाऱ्या माता व बालकांच्या रूपाने त्यांचे कार्य आजही फळास येत आहे.