जावजी दादाजी चौधरी

जावजी दादाजी चौधरी (इ.स. १८३९ – ५ एप्रिल, इ.स. १८९२) हे मुंबईतील मुद्रक, प्रकाशक आणि देवनागरी खिळ्यांचे (टाइपांचे) निर्माते होते. निर्णयसागर छापखान्याचे संस्थापक म्हणून ते ओळखले जातात. देवनागरीतील जोडाक्षरे व विशेष चिन्हे सुबक आणि अचूक छापली जावीत यासाठी त्यांच्या टाइप फाउंड्रीने केलेले काम भारतीय मुद्रणाच्या इतिहासात महत्त्वाचे मानले जाते.

पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईत मराठी मुद्रणाचा पाया घातला गेला. अमेरिकन मिशनने मराठी पुस्तके छापण्यास आरंभ केला, तर गणपत कृष्णाजी यांनी इ.स. १८३१ मध्ये शिळाछापावर पंचांग छापले. शिळाछापात हाताने लिहिलेला मजकूर जसाच्या तसा दगडावर उतरत असे. त्यामुळे कोणतेही जोडाक्षर किंवा चिन्ह छापण्यास अडचण नसे. खिळ्यांच्या छपाईत मात्र प्रत्येक अक्षररूपासाठी स्वतंत्र खिळा लागे. जो खिळा छापखान्यात नसे, ते अक्षर छापता येत नसे.

बालपण व उमेदवारी

जावजींचा जन्म मुंबईत एका गरीब कुटुंबात झाला. परिस्थितीमुळे त्यांचे शिक्षण फारसे होऊ शकले नाही. वयाच्या सुमारे दहाव्या वर्षी ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यात दरमहा दोन रुपये वेतनावर खिळे घासण्याच्या कामास लागले. त्या वेळी तेथे थॉमस ग्रॅहम यांच्या देखरेखीखाली देवनागरी खिळे तयार होत असत. ओतून निघालेला खिळा चारही बाजूंनी घासून नेमक्या मापाचा करावा लागे. त्यात किंचित फरक राहिला तरी ओळ वेडीवाकडी होई. हे काम करता करता जावजींनी ठसा कोरणे, त्यावरून मातृका पाडणे आणि धातूचा रस ओतून खिळे काढणे या साऱ्या पायऱ्या जवळून पाहिल्या. पुढे त्यांनी टाइम्स ऑफ इंडिया, इंदुप्रकाश आणि ओरिएंटल या छापखान्यांत नोकरी केली.

टाइप फाउंड्री

इ.स. १८६४ मध्ये जावजींनी स्वतःची टाइप फाउंड्री सुरू केली. ठसे कोरण्यात निष्णात असलेले राणोजी रावजी आरू यांचे या कामी त्यांना मोठे साहाय्य लाभले. या फाउंड्रीतील देवनागरी खिळे त्यांच्या वळणदारपणामुळे नावाजले गेले.

देवनागरीचे खिळे तयार करणे हे रोमन लिपीच्या मानाने अवघड होते. मूळ स्वर व व्यंजने पन्नासच्या आसपास असली, तरी काना, मात्रा, वेलांट्या, उकार, रफार, अनुस्वार आणि असंख्य जोडाक्षरे यांमुळे एका संचात काहीशे खिळे लागत. मात्रा आणि अनुस्वार अक्षराच्या वर, तर उकार खाली येतो. ही चिन्हे वेगळ्या खिळ्यांवर घेऊन अक्षराच्या वर-खाली जुळवण्याची पद्धत मुंबईत प्रचलित होती. तीत खिळ्यांची संख्या कमी होई. परंतु चिन्हे सरकण्याचा किंवा तुटण्याचा धोका राही. अक्षर व चिन्ह एकाच खिळ्यावर अखंड घेतल्यास छपाई स्वच्छ येई. मात्र खिळ्यांची संख्या वाढून खर्च व जुळाऱ्याचे श्रम वाढत.

मराठीची आणखी एक विशेष गरज होती. दर्या आणि दऱ्या या शब्दांत र या वर्णाची दोन भिन्न रूपे येतात आणि त्यानुसार अर्थ समुद्र किंवा डोंगरांमधील खोल भाग असा बदलतो. एका रूपाचा खिळा नसल्यास दुसरे वापरून काम भागत नसे. संस्कृत ग्रंथांसाठी अवग्रह आणि दुर्मीळ जोडाक्षरे यांचीही तरतूद करावी लागे.

निर्णयसागर छापखाना

इ.स. १८६९ मध्ये जावजींनी निर्णयसागर छापखाना स्थापन केला. मुंबईतील काळबादेवी भागात कोलभाट गल्लीत हा छापखाना होता. स्वतःचीच फाउंड्री असल्यामुळे लागेल तो खिळा तेथे तयार करता येत असे. याच नावाचे पंचांगही लोकप्रिय झाले. इ.स. १८८१ मध्ये विनायक कोंडदेव ओक यांच्या संपादकत्वाखाली बालबोध हे मुलांसाठीचे मासिक येथून निघू लागले.

इ.स. १८८६ मध्ये काव्यमाला ही संस्कृत काव्यांची माला सुरू झाली. जयपूरचे पंडित दुर्गाप्रसाद आणि काशिनाथ पांडुरंग परब हे तिचे संपादक होते. तोवर हस्तलिखित पोथ्यांतच राहिलेले अनेक ग्रंथ या मालेमुळे छापील रूपात अभ्यासकांना उपलब्ध झाले. पोथीतील अक्षर खिळ्यांत आणताना एखादे चिन्ह गळले, तर चुकीचा पाठ शेकडो प्रतींतून पसरण्याचा संभव असे. त्यामुळे मुद्रितशोधनास मोठे महत्त्व होते. शुद्ध पाठ आणि सुबक छपाई यांमुळे निर्णयसागर प्रतींना देशात व परदेशांतही मान्यता मिळाली.

मृत्यू व वारसा

जावजी दादाजी यांचे ५ एप्रिल, इ.स. १८९२ रोजी निधन झाले. त्यांच्यानंतर त्यांचे पुत्र तुकाराम जावजी यांनी छापखान्याचे काम पुढे चालविले. नंतरच्या काळातील प्रतींवर पांडुरंग जावजी यांचे नाव प्रकाशक म्हणून आढळते.

खिळ्यांची छपाई मागे पडली, तरी विशेष चिन्हांचा प्रश्न संगणकाच्या काळातही निराळ्या रूपात उभा राहिला. इ.स. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीचा समावेश होता. युनिकोडमध्ये प्रत्येक जोडाक्षराला वेगळे स्थान नाही. व्यंजन, हलन्त आणि व्यंजन या क्रमाने ते साधले जाते. दऱ्या या शब्दातील ऱ या वर्णाला मात्र स्वतंत्र संकेतांक दिलेला आहे. संकेतस्थळावरील अर्जात भरलेली मराठी माहिती इ.स. १९९८ मध्ये प्रमाणित झालेल्या एक्सएमएल स्वरूपात उतरवताना पाठविणाऱ्या आणि वाचणाऱ्या अशा दोन्ही बाजूंनी यूटीएफ-८ सारखी एकच संकेतप्रणाली वापरावी लागते. अन्यथा अक्षरांच्या जागी निरर्थक चिन्हे उमटतात. तसेच अँपरसँड आणि लघुतर ही चिन्हे एक्सएमएलच्या रचनेसाठी राखीव असल्याने मजकुरात ती आल्यास त्यांच्या जागी ठरावीक संकेत घालावे लागतात. तसे न केल्यास संपूर्ण दस्तऐवज सदोष ठरून वाचला जात नाही. लिहिणाऱ्याचे अक्षर वाचणाऱ्यापर्यंत न बदलता पोहोचविण्याचे हे काम जावजींच्या काळी ठसे कोरणारे कारागीर, जुळारी आणि मुद्रितशोधक करीत असत.