रुप्याचा कारागीर आदाम फान व्हियानेन

खामगांव हें कापसाप्रमाणेंच चांदीसाठींहि नांवाजलेलें गांव. लग्नसराईंत आपल्या जिल्ह्यांतील कोणाच्या घरीं चांदीचें ताट, समई किंवा करंडा आला, म्हणजे ती चांदी खामगांवची आहे ना, असें वडील माणसें आवर्जून विचारतात. चांदीची शुद्धता अशी विचारली जाते. परंतु तें भांडें घडविणाऱ्याचें नांव क्वचितच कोणी विचारतो. म्हणूनच हॉलंडांतील एका कारागिराचें चरित्र आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों. हे डच लोक आपणांस अगदींच परके नव्हेत. १६३७ सालीं त्यांनीं वेंगुर्ल्यास वखार घातली होती.

आदाम फान व्हियानेन याचा जन्म १५६८ च्या सुमारास उट्रेख्ट शहरीं एका सोनाराच्या घरीं झाला. धाकटा भाऊ पाउलस हाहि त्याच धंद्यांत शिरला. दोघांची वृत्ति मात्र भिन्न होती. पाउलस देशोदेशीं हिंडला. म्युनिक व साल्झबुर्ग येथें काम करून १६०३ सालीं तो प्राग येथें सम्राट दुसरा रुडॉल्फ याच्या दरबारीं गेला. आदामचा बहुतेक सर्व जन्म उट्रेख्टमध्येंच गेला.

त्या काळीं श्रीमंत घरांतील रुप्याच्या ताटांवर, पेल्यांवर व मीठ ठेवावयाच्या पात्रांवर पानाफुलांच्या आणि पट्ट्यांच्या रेखीव नक्षीची चाल होती. या बंधूंनीं ती मोडली. त्यांच्या भांड्यांवर कानाच्या पाळीसारख्या वळ्या, लाटा, शिंपले, अर्धवट ओळखूं येणारे जलचर असे आकार एकमेकांत विरघळूं लागले. रस थिजत असतांनाच कोणी फुंकर घातली असावी, असा भास होतो. वस्तुतः हें काम हातोडीचें. ठोकतां ठोकतां चांदी कठीण होते. ती तापवून नरम करावयाची आणि पुनः ठोकावयाची. घाई झाली कीं पत्रा फाटतो व सारी मेहनत फुकट जाते. आपल्याकडील सोनार व तांबट हें चांगलें जाणतात.

१६१३ सालीं पाउलस प्राग येथें मरण पावला. पुढील वर्षीं ॲमस्टरडॅमच्या सोनारांच्या संघानें त्याच्या स्मरणार्थ एक झारी घडविण्याचें काम आदामला सांगितलें. दोघेहि बंधु त्या संघाचे सभासद नव्हते. परगांवच्या माणसाला प्रतिस्पर्ध्यांनीं असा मान द्यावा, हें आम्हांस मोठें विशेष वाटतें. आदामनें ही झारी एकाच पत्र्यांतून उठविली व तिला सोन्याचा मुलामा दिला. स्मारक म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें गंभीर शिलालेख उभा राहतो. येथें तळाशीं उकिडवें बसलेलें एक माकड सर्व भार पेलतें, आणि त्याच्यावर सारें रुपें लाटेसारखें उसळतें! भावाचें दुःख त्यानें कोणत्याहि शोकचिन्हावांचून, केवळ दोघांच्या आवडत्या आकारांनीं व्यक्त केलें. पुढें ॲमस्टरडॅमच्या अनेक चित्रकारांनीं ही झारी आपल्या चित्रांत रंगविली.

आदाम १६२७ सालीं वारला. त्याचा पुत्र ख्रिस्तियान इंग्लंडांत पहिल्या चार्ल्स राजासाठीं काम करी. त्यानें विंडसरच्या प्रार्थनामंदिरासाठीं घडविलेलीं भांडीं १६४२ च्या यादवींत लुटलीं गेलीं. चांदीच्या भांड्याला हें भय नित्याचेंच. युद्ध नसलें तरी घरांत पैशाची नड लागली कीं आजीचा करंडा मुशींत जातो. १६५० च्या सुमारास ख्रिस्तियाननें वडिलांच्या नमुन्यांचीं चित्रें कोरवून प्रसिद्ध केलीं, म्हणून मोडींत गेलेल्या कित्येक भांड्यांची घडण कागदावर तरी उरली. ती झारी मात्र वांचली. आज ती ॲमस्टरडॅमच्या राइक्स संग्रहालयांत आहे, आणि तळाचें माकड अजून तसेंच भार पेलीत बसलें आहे.